पडद्याआधीचा चहा

तिरलुंगच्या गोंपात, डोंगरावरच्या त्या बौद्ध मठात, हिवाळी सणाचा शेवटचा चहा कुणाच्या हातचा, असं खोऱ्यात कुणालाही विचारा. शेंबडं पोरसुद्धा सांगेल, स्पालझेसच्या. खारा, लोण्याचा, उंच लाकडी नळकांड्यात घुसळून काढलेला चहा तर सगळ्यांच्याच घरी होतो, त्यात काय एवढं, असं एखाद्याला वाटेल. वाटू दे. ज्यानं तिच्या हातचा घोट घेतलाय त्याला विचारा. थंडीनं आखडलेले म्हातारे लामा तो चहा पोटात गेला की असे सैल होतात की त्यांना मांडी मोडून उठवावं लागतं.

सणाच्या चहाचा मान स्पालझेसच्या सासरच्या घराचा. कुठल्या पिढीपासूनचा ते देव जाणे. ती लग्न होऊन आली त्याच हिवाळ्यात सासूनं घुसळायचा दांडा तिच्या हातात दिला, म्हणाली, "आता तू," आणि स्वतः चुलीजवळ पाय पसरून बसली. तेव्हापासून सणाच्या दिवशी स्पालझेस म्हणजे गोंपाच्या मागच्या अंगाचं धुरकट स्वयंपाकघर, तो तांब्याचा भलामोठा हंडा आणि तो दांडा. मदतीला आलेल्या बायकांची काही धडगत नसे. कुणी लोणी कमी घातलं की ही म्हणायची, "पोरी, हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" कुणी घुसळताना दमली की, "बाजूला हो, झोपाळू. दांडा असा चालतो होय?" जिभेला हाड नाही. पण सण संपला की त्याच बायकांच्या ओट्यांत सुक्या जर्दाळूंच्या मुठीच्या मुठी तीच कोंबायची, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे.

तर अशी ही स्पालझेस. आणि तिचं एक गुपित होतं, ते तिच्या नवऱ्याशिवाय गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं देवाचं तोंड कधीच बघितलं नव्हतं.

गोंपाच्या फाटकाजवळ रक्षक देवाचं एक छोटं काळोखं देऊळ आहे. देव उग्र आहे, म्हणून वर्षभर त्याच्या तोंडावर पडदा असतो. सणाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो पडदा वर जातो. दिवसभर माणसं रांगेनं जाऊन दर्शन घेतात. अंगणातलं ऊन सरलं की दार बंद होतं, आत शेवटची प्रार्थना होते, मग चहा जातो. पहिला पेला देवाला, त्यानंतर लामांना, आणि हंड्यातला बाकीचा अंगणातल्या सगळ्या माणसांना. लामांनी पेले खाली ठेवले की पडदा पडतो, तो थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत.

आता सांगा, पहाटेपासून हंड्याशी उभी असलेली बाई दर्शनाला जाणार कधी? पहिल्या वर्षी तिला वाटलं, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी मुलगा अंगावर पीत होता. नंतर सासू आजारी पडली, मग एका वर्षी हंडाच गळला. शिवाय खरं सांगायचं तर चहा दुसऱ्याच्या हाती सोडायला तिचंच मन होत नसे. आणि चहाच्या घरच्या बाईला कोण विचारतंय, बाई गं, तुला दर्शन झालं का म्हणून? सगळे धरूनच चालले. झऱ्यावर बायका म्हणायच्या, "या वर्षी डोळे काय लाल दिसत होते ना!" ही घागर पाठीवर घेता घेता म्हणायची, "हो ना, फारच!" मग इतकी वर्षं गेल्यावर आता कुठल्या तोंडानं सांगणार?

नवरा पाल्जोर तिला दरवर्षी घरी येऊन देव कसा होता ते सांगायचा. तो मोठा रंगवून सांगायचा. एका वर्षी त्यानं सांगितलं, शिंगं आहेत, याकपेक्षा मोठी. दुसऱ्या वर्षी सुळे सांगितले, चार. तिसऱ्या वर्षी सुळे दोनच झाले आणि जीभ आली.

"अरे, मागच्या वर्षी तर चार होते," ती म्हणायची.

"उजेड कमी होता गं."

"आणि शिंगं?"

"आहेत ना. शिंगं कुठं जाणार?"

ती मनातल्या मनात सगळं जोडत बसायची आणि ते काही केल्या जुळायचं नाही.

गेल्या शरद ऋतूत मुलानं तिला लेहला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ती दारांना धडकायला लागली होती, बाजूनं येणारं गाढव तिला दिसत नसे. डॉक्टरनं तपासून सांगितलं, काचबिंदू आहे. उजवा डोळा जवळजवळ गेला. डाव्यात जेवढं उरलंय तेवढं टिकवायला थेंब घाला, पण गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं किती दिवस ते मी सांगू शकत नाही. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं. आता समोरचं तेवढं दिसायचं, घुसळायच्या नळकांड्यातून बघावं तसं, वाटोळं आणि थोडंसं.

परतीच्या बसमध्ये सोबत आलेला पाल्जोर शेजारी बसून जर्दाळू चघळत होता. खिंड ओलांडल्यावर ती म्हणाली, "या वर्षी मी दर्शनाला जाणार. चहा चोरोल करेल."

पाल्जोरच्या घशात जर्दाळूची बी अडकता अडकता राहिली.

चोरोल म्हणजे त्यांची सून. खालच्या खोऱ्यातली. तिकडे चहात मीठ बेताचं घालतात आणि स्पालझेसच्या मते तिकडची माणसंही त्यामुळंच जरा अळणी. पोरगी गरीब, कामाला वाघ, उलट उत्तर कधी द्यायची नाही. पण सगळं ऐकून घेते म्हणून काही कळत नाही असं नव्हे. त्या हिवाळ्यात स्पालझेसनं तिला रोज पहाटे चहा करायला लावला. एक घोट घ्यायचा, ओठ मुडपायचे आणि म्हणायचं, "मीठ कुठंय?"

"घातलंय, आमा-ले."

"कुणाच्या चहात? शेजाऱ्यांच्या?"

चोरोल गप्प हसायची आणि पुन्हा हंड्याकडे वळायची.

सणाचा शेवटचा दिवस उजाडला. स्पालझेसनं ठेवणीतला झगा काढला आणि डोक्यावर पेराक चढवलं. फिरोज्यांनी मढवलेलं ते शिरोभूषण कपाळापासून पाठीवर लोंबतं, चांगलं जड असतं, आणि सणाच्या दिवशी चुलीजवळ ते घालून उभं राहणं शक्यच नव्हतं. त्यामुळं लग्नानंतर ते तिच्या डोक्यावर फारसं चढलंच नव्हतं. पाल्जोर बघतच राहिला.

"असा काय बघतोस? नवी नवरी बघितली नाहीस का कधी?"

"बघितली होती एकदा," पाल्जोर म्हणाला. "तेव्हा ती इतकी बडबडत नव्हती."

दोघं काठी टेकत वर चढली. अंगणात शिंगं वाजत होती, मुखवट्यांचा नाच रंगात आला होता, बर्फावर ऊन पडून डोळे दिपत होते. देवाचं देऊळ फाटकातून शिरलं की उजव्या हाताला चार पावलांवर. तिथं तसंच सरळ गेलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण असं सरळ कोण जातं? गोंपा उजव्या हाताला ठेवून, डावीकडून पूर्ण फेरा घालायचा आणि मगच देवापुढं उभं राहायचं. तिरलुंगमधली कुत्रीसुद्धा उलटी फिरत नाहीत. आणि फेऱ्याची वाट जाते मागून, स्वयंपाकघराच्या खिडकीला खेटून.

"कानात बोटं घाल," पाल्जोर म्हणाला. "नाक पण धर. आणि सरळ चालत राहा."

"मला काय लहान पोर समजलास? तू हो पुढं. मी जप म्हणत म्हणत येते."

तो पुढं गेला. ती जप म्हणत खिडकीपाशी आली. आतून घुसळण्याचा आवाज येत होता, खाली जाताना गुर, वर येताना गुर. आवाज ठीक होता. तिनं स्वतःला बजावलं, आवाज ठीक आहे, चल पुढं. एक पाऊल टाकलंसुद्धा. मग वाफेचा लोट बाहेर आला आणि तिनं तो हुंगला.

आता वाफेवरून मीठ कुणाला कळतं? कुणाला नाही. पण स्पालझेसला वाटलं, मीठ कमीच असणार. असणारच. खालच्या खोऱ्यातली पोरगी, मीठ घालताना हात आखडणार नाही तर काय! चारशे माणसांत आपल्या घराचं नाक कापलं जाणार. खिडकीखालीच हंडा उकळत होता, कट्ट्यावर मिठाचं लाकडी भांडं होतं, आणि चोरोल पाठमोरी होऊन घुसळण्यात गुंगली होती. स्पालझेसनं इकडं तिकडं बघितलं, म्हणजे जेवढं दिसलं तेवढं, आणि खिडकीतून हात घालून मूठभर मीठ हंड्यात सोडलं. मग झग्यात काही लपवल्यासारखी लगबगीनं पुढं निघाली. फेरा पूर्ण करून रांगेत पाल्जोरपाशी उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"थांबलीस ना खिडकीशी?" त्यानं विचारलं.

"मी? छे!"

रांग लांब होती आणि गोगलगायीसारखी सरकत होती. प्रत्येकाला पांढरं खताग, म्हणजे मानाचं रेशमी वस्त्र, वाहायचं, डोकं टेकायचं, नवस बोलायचा. दार जवळ यायला लागलं. आतून लोण्याच्या दिव्यांचा वास येत होता.

"ए," तिनं पाल्जोरचा हात धरला. "मला एकदा नीट सांग. कसाय तो? म्हणजे एकदम बघून मी दचकायला नको. शिंगं नक्की आहेत ना?"

पाल्जोर खाली बघायला लागला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"सांग की."

"आता काय सांगू तुला," तो पुटपुटला. "मी कधी वर बघितलंच नाही."

"काय?"

"हळू बोल. लहानपणी आजोबांनी सांगितलं होतं, पाप केलेल्या माणसानं त्याच्या डोळ्यांत बघितलं तर तो डोळे वटारतो. त्याच्या आदल्याच दिवशी मी कुणाची तरी मेंढी पळवली होती. मी खाली मान घालून गेलो आणि तसाच बाहेर आलो. मग दरवर्षी तसाच."

"आणि ती शिंगं? सुळे? जीभ?"

"तू एवढी आशेनं विचारायचीस. काहीतरी सांगायला नको?"

स्पालझेसला हसावं की त्याच्या डोक्यात काठी घालावी ते कळेना. शेवटी हसूच आलं, आणि असं आलं की पेराक सरकून डोळ्यांवर आलं. पुढच्या मागच्या बायका वळून बघायला लागल्या. एवढी वर्षं मेला थापा मारतोय आणि आपण त्या जोडत बसलोय!

ती पेराक सरळ करत होती, उंबरा आता अगदी हाताशी आला होता, तेवढ्यात ओरडा ऐकू आला. स्वयंपाकघराचे लामा इशे हातात पळी घेऊन धावत येत होते. माणूस अंगानं दांडगा, धावण्याची सवय नाही, धापा टाकत होता.

"आमा-ले! आमा-ले, चला लवकर! चहाचं वाटोळं झालं!"

"काय झालं?"

"खारट! तोंडात धरवत नाही! याकसुद्धा पिणार नाही." मग त्यांनी जरा विचार केला. "नाही, याक पितील, त्यांना मीठ आवडतं. पण माणसं नाही पिणार. आणि ऊन सरायला लागलंय अंगणातून!"

स्पालझेसचा चेहरा उतरला. खारट कसा झाला हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. एकीकडे उंबरा, दुसरीकडे हंडा. रांगेतून बाहेर पडलं की पुन्हा शेवटी, आणि दारापर्यंत पोचायच्या आत दार बंद. हे तिला ठाऊक होतं, पाल्जोरलाही ठाऊक होतं.

"तू जाऊ नकोस," पाल्जोर म्हणाला. "होईल ते होईल. एक वर्ष खारट प्याले तर मरणार नाहीत."

"आणि नाव चोरोलचं खराब होईल," ती म्हणाली. "चूक माझी आणि बोल तिला? तसं नाही चालणार." आणि ती रांगेतून बाहेर पडली. घाई कितीही असली तरी डावीकडून, गोंपा उजव्या हाताला ठेवूनच.

स्वयंपाकघरात चोरोल हंड्याशी उभी होती. रडत नव्हती, पण नाक लाल झालं होतं. मदतीच्या बायका कोपऱ्यात कुजबुजत होत्या.

"आमा-ले, मी बरोबर घातलं होतं," ती म्हणाली. "या वर्षी तुमच्याएवढंच घातलं. एक मूठ आणि वर चिमूट. चाखूनही बघितलं. मग काय झालं मला कळतच नाही."

"मला कळतं," स्पालझेस म्हणाली. तिनं पेराक उतरवून पिठाच्या पोत्यावर ठेवलं आणि बाह्या वर सारल्या. "दुसरी मूठ मी टाकली. खिडकीतून. चोरासारखी."

बायकांची कुजबुज एकदम थांबली.  चोरोलनं चुलीच्या कडेची एक छोटी किटली उचलली, पेल्यात थोडा चहा ओतला आणि पुढं केला.

"हा आधीच घुसळून ठेवला होता. तुम्ही दोघं दर्शन घेऊन आलात की द्यायला."

स्पालझेसनं घोट घेतला. मग दुसरा. आणि ओठ मुडपले नाहीत. मीठ, लोणी, सोडा, सगळं जिथल्या तिथं होतं. तिच्या सासूनं शिकवला होता तोच चहा होता.

"चांगला झालाय," ती म्हणाली. असं तिनं आजवर कुणाच्याच चहाला म्हटलं नव्हतं, त्यामुळं पुढं काय बोलायचं ते तिलाही सुचेना. "अगं, मी मूर्ख आहे. उभी काय राहिलीस? अर्धा हंडा रिकामा कर. तो अर्क इकडं आण. दूध किती उरलंय?"

मग जी झुंबड उडाली! खारट चहा बादल्यांनी बाहेर काढला, इशे-ले तो याकांना घालायला स्वतः घेऊन गेले. उकळलेल्या पानांचा काळा अर्क आला, गरम पाणी पडलं, लोण्याचे गोळे पडले. एका नळकांड्यावर सासू, दुसऱ्यावर सून. गुर, गुर. धुरानं आणि काजळीनं स्पालझेसचं तोंड काळं झालं, झग्याची तर वाटच लागली. अंगणातून ऊन गेलं. देवळाचं दार बंद झाल्याचा आवाज आला, आणि आत नगारा वाजायला लागला.

स्पालझेसचा दांडा हळू झाला. "झालं," ती म्हणाली. "आता हा चहा गेला की पडदा पडेल. दरवर्षीचंच."

चोरोलनं विचारलं, "म्हणजे?"

काय सांगायचं? पण आज एक चोरी कबूल केलीच होती, दुसरीही तोंडातून निघून गेली. "म्हणजे मी कधी त्याचं तोंड बघितलंच नाही, पोरी. एकदाही नाही. आता डोळे चाललेत."

चोरोलचा दांडा थांबला. तिनं देवळाच्या दिशेनं बघितलं. मग म्हणाली, "आमा-ले, चहा गेल्याशिवाय पडदा पडत नाही ना?"

"नाही."

"आणि दार बंद झाल्यावर आत फक्त चहाच जातो ना?"

स्पालझेस तिच्याकडे बघायला लागली. आणि मग तिनं कपाळावर हात मारला. काजळीचा हात, कपाळही काळं झालं. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं पडदा मीच पाडत होते! वर वेळेवर, वेळेवर करत जीव टाकत होते!"

मोठी पितळी किटली भरली. इशे-ले ती उचलायला पुढं आले.

"ठेवा," स्पालझेस म्हणाली.

"आमा-ले, किटली आत लामाच नेतात."

"मग दार उघडायला या माझ्याबरोबर. तेवढं लामाचं काम करा."

"पण रीत..."

"रीत अशी आहे इशे-ले, की चहा आमच्या घरानं द्यायचा. कुठपर्यंत द्यायचा ते कुणी सांगितलेलं नाही."

इशे-ले जागच्या जागी घुटमळले. पण एवढ्या वर्षांत त्या बाईशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ते मुकाट्यानं पुढं निघाले.

देवळात दिव्यांचा पिवळा उजेड होता. भिंतीलगत मोजके वडीलधारे लामा बसले होते, आणि प्रार्थना चालवणारे मुख्य लामा म्हणजे स्पालझेसचा सख्खा धाकटा भाऊ, लोबझांग. पाच वर्षांचा असताना गोंपाला दिला तेव्हा तिनंच त्याला पाठीवर बसवून वर आणलं होतं. लोकांसमोर ती त्याला कधी तुम्हीशिवाय बोलत नसे. आता त्यानं वर बघितलं, किटली घेतलेली, तोंडाला काजळी फासलेली बहीण दारात उभी बघितली, आणि त्याच्या तोंडचा मंत्र जरा अडखळला.

ती सरळ देवापुढं जाऊन उभी राहिली. मान वर केली.

आधी तिला काहीच नीट दिसेना. नुसता काळोख आणि त्यात काहीतरी चकाकणारं. मग तिनं डाव्या डोळ्याच्या त्या वाटोळ्या उजेडात एक एक गोष्ट पकडायला सुरुवात केली. आधी एक डोळा. लाल, मोठा, झऱ्यावरच्या बायका म्हणत तसाच. मग मान थोडी वळवून दुसरा. मग कपाळावरचा तिसरा. मग नाक, रुंद, भुवयांची आग. सगळ्यावर काजळीचा थर. एकदम सगळं तोंड काही दिसत नव्हतं, तुकड्या तुकड्यानं जुळवावं लागत होतं, आणि त्याला वेळ लागत होता.

मंत्र संपला. नगारा थांबला. लामांनी झग्यातून आपापले पेले काढून समोर ठेवले आणि वाट बघायला लागले. स्पालझेस हलेना. एका म्हाताऱ्या लामानं खाकरून पाहिलं. दुसऱ्यानं पेला जरा पुढं सरकवला.

लोबझांग हळूच म्हणाला, "आचे-ले, चहा."

"थांब रे जरा," ती मागं न वळता म्हणाली. "अजून हनुवटी राहिलीय."

 मग कोपऱ्यातला सगळ्यात म्हातारा लामा फिस्सकन हसला, त्याच्या शेजारचा हसला, आणि उग्र रक्षक देवासमोर ती सगळी पिकली मंडळी हलायला लागली. लोबझांगनं तोंडावर हात धरला. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं देव कधी बघितलाच नव्हता हे त्याला आत्ता कळलं होतं, आणि आपल्याला कधी विचारायचं सुचलं नाही हेही कळलं होतं.

"बघ," तो म्हणाला. "सावकाश बघ, ताई. आम्ही थांबतो."

तिनं हनुवटी बघितली. मग पुन्हा पहिल्यापासून, डोळे, नाक, तोंड. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, ती काही वाटली नाही. तोंडभर काजळी त्याच्याही होती, तिच्याही. दोघंही वर्षानुवर्षं धुरात उभी. आणि मग नेहमीसारखा तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"एवढी वर्षं माझा चहा पितोयस," ती देवाला म्हणाली, "आणि तोंड दाखवायला आज सवड झाली होय तुला? बरं, झालं ते झालं. घे. आज पहिल्यांदाच उशीर झालाय, पण चव बघ, माझ्या सुनेनं केलाय."

आणि तिनं देवाचा पेला काठोकाठ भरला. मग लामांचे. लोबझांगचा सगळ्यात शेवटी, लहानपणी वाढायची तसा थोडा जास्त. लामा चहा प्याले, पेले खाली आले, आणि पडदा पडला. तिनं तो पडताना बघितला.

दोघं खाली उतरायला लागली तेव्हा डोंगराच्या माथ्यावर तेवढा उजेड उरला होता. पेराक पाल्जोरनं काखेत धरलं होतं. शेवटी त्याला राहवेना.

"कसा होता गं?"

"शिंगं नाहीत त्याला."

"नाहीत?"

"नाहीत. थापाड्या! जीभ पण बाहेर नाही. सुळे आहेत, पण दोनच. डाव्या डोळ्याखाली रंगाचा पोपडा निघालाय. आणि रागावलेला वगैरे काही नाही तो. चहाला उशीर झाला की तुझा होतो ना चेहरा, अगदी तसाच. उगीच घाबरलास जन्मभर."

पाल्जोर मोठ्यानं हसला. तीही हसली. खालच्या वळणावर ती थांबली आणि काठी टेकून श्वास घेतला.

"ऐक. पुढच्या वर्षी चहा चोरोल करेल. मी खिडकीशी थांबणार नाही, तुझ्याबरोबर रांगेत येईन. मला दिसलं तर मी बघेन. नाही दिसलं तर तू मान वर करायची आणि मला सांगायचं. डोळे, पोपडा, हनुवटी, सगळं. आता थाप मारलीस तर मला कळेल."

पाल्जोरनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"बघेन," तो म्हणाला.

"घाबरणार नाहीस?"

"घाबरेन. पण बघेन."

मग तो तिच्या उजव्या बाजूला आला, जिकडचं तिला दिसत नव्हतं तिकडं, आणि दोघं चालायला लागली.